तानसा, भातसा आणि माझी कुजबुज

यंदाच्या पावसाने मुंबईला एक दिवस असं झोडपलं ना की रात्रीच ग्रुपवर मेसेज पडला, उद्या शाळांना सुट्टी. आमची लेक आता आठवीत, तिने मेसेज वाचला, फोन उशीखाली टाकला आणि गोधडी डोक्यावरून घेतली, विषय संपला. पण शेजारच्या वहिनींचा मुलगा पहिलीत, इंग्लिश मिडियमला, आणि त्यांच्या शाळेने सुट्टीच्या दिवशीपण ऑनलाइन वर्गाची लिंक पाठवली. सकाळी आठला वहिनी दारात उभ्या, "अगं हे जॉइन कसं करायचं ते सांग ना, तुला सगळं माहितीये, तुम्ही दोन वर्षं काढलीत यात."

गेले, लावून दिलं, आवाज चालू आहे ना बघितलं आणि निघणार तर टीचरने पोरांना पानाचा रंग विचारला. वहिनी फोनच्या मागे उकिडव्या बसलेल्या, हळूच म्हणाल्या, "ग्रीन, ग्रीन बोल." आणि पोराने खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "ग्रीन ग्रीन बोल!"

मी तोंडाला पदर लावून हसले, आणि घरी येईपर्यंत हसू जिरलंपण, कारण हेच सगळं मी केलेलं आहे, यापेक्षा वाईट केलेलं आहे. म्हटलं आता लिहूनच काढू एकदा.

तर २०२०. मार्चमध्ये शाळा बंद झाली तेव्हा लेक दुसरीत होती, परीक्षा झालीच नाही, सगळे पास. १५ जूनला नवीन वर्ष सुरू झालं, म्हंजे शाळा नाही, नुसतं वर्ष. आम्ही भांडुपला टेंभीपाड्यात राहतो, दहा बाय पंधराची खोली आणि वर पोटमाळा. घरात मी, मिस्टर, लेक आणि सासरे, त्यांना अख्खी चाळ अण्णा म्हणते. मिस्टर बेस्टमध्ये कंडक्टर, लॉकडाऊनमध्ये लोकल बंद होत्या पण हॉस्पिटलवाले, पालिकेवाले यांच्यासाठी बस चालू, त्यामुळे ते पहाटे साडेचारला बाहेर आणि त्यांचा फोन त्यांच्यासोबत. अण्णांचा फोन बटणाचा. राहिला माझा. आणि माझ्या फोनवर माझी नोकरी चालायची, मुलुंडच्या एका होलसेल दुकानाचं बिलिंग मी बघते, तेव्हा सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर यायच्या आणि शेठचा फोन बरोब्बर बाईंनी हिचं नाव घेतलं की यायचा. कॉल आला की वर्गाचा आवाज गायब. कट केला की शेठ पुन्हा लावणार, कारण शेठला वाटायचं रेंज गेली. शेवटी मी शेठला स्पष्ट सांगितलं, नऊ ते साडेदहा मी नाही, काय असेल ते लिहून टाका. मला वाटलं काम जाईल, पण ते म्हणाले, "माझी नातपण तेच करतेय, चालू दे." हे मी पहिल्याच आठवड्यात बोलायला हवं होतं, महिनाभर उगाच दोन्हीकडे शिव्या खाल्ल्या.

बाकी गमतीजमती सगळ्यांच्या घरी झाल्या तशाच, कुकरच्या शिट्ट्या, कोणाचे तरी पप्पा बनियनवर मागून जाताना, "बाई आवाज येत नाय", "बाई याने मला म्यूट केलं". जुलैत सरकारने नियम काढला की तिसरी ते आठवीला दिवसाला ४५-४५ मिनिटांचे दोनच तास घ्यायचे, आणि शाळेने घेतलेलं फुकटातलं ॲप ४० मिनिटं झाली की आपोआप बंद पडायचं. म्हंजे सरकारच्या आणि ॲपच्या हिशोबात पाच मिनिटांची तूट, ती कायम गणिताच्या बेरजेच्या मधोमध यायची. त्यात पहिली दहा मिनिटं हजेरी. पन्नास पोरं, प्रत्येकाचं नाव, मग "आहे का? आहेस का बाळा? अनम्यूट कर."

मी हिच्या बाजूला बसायचे. खरं तर चिकटून बसायचे, माझी मांडी तिच्या मांडीला लागलेली, कारण फोन एक, इयरफोनची एक बाजू बंद पडलेली आणि मला भीती की हिचं काहीतरी राहून जाईल. वहीत काय लिहिते, तारीख टाकली का, समास सोडला का, अक्षर का तिरकं, सगळ्यावर माझी नजर. वर्गात एवढी वर्षं बाई एकट्या होत्या, आता हिच्यासाठी खास एक सुपरवायझर. आणि बाईंनी प्रश्न विचारला की माझे ओठ आपोआप हलायचे. मला कळायचंपण नाही. हिला उत्तर आलं नाही तर बाकी पन्नास घरांतल्या आया ऐकतायत, त्या काय म्हणतील, असं डोक्यात असायचं, हे आज कबूल करते. शाळेत पोरगं चुकलं तर शाळेतच राहतं, इथे तर सगळ्या बिल्डिंगींची दारं उघडी.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपापल्या जिल्ह्याचं असतं, तर आमचं मुंबईचं. मोठी गंमत म्हंजे पुस्तकात मुंबई आणि बाहेर मुंबई बघायची बंदी. ऑगस्टात एक दिवस बाईंनी विचारलं, "आपल्याकडे पाणी कुठून येतं?" आणि हिचं नाव घेतलं. मी तोंडावर हात ठेवून सुरू झाले, तानसा, भातसा, वैतरणा, विहार, तुळशी. आदल्या रात्रीच पाठ करून घेतलं होतं ना, सात तळी, त्यातली विहार आणि तुळशी ही दोनच मुंबईत, बाकीची पार ठाणे, पालघर, नाशिककडे. हिने माझ्यामागोमाग पोपटासारखं म्हटलं. एक क्षण शांतता. मग बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "छान. आईंनी एकदम बरोबर सांगितलं. आता तू सांग."

माझं काय झालं असेल विचारा. कान गरम. उठले आणि सरळ मोरीपाशी जाऊन उभी राहिले, भांडी घासायची नव्हती तरी नळ सोडला, नळाला पाणी नव्हतं, बंद केला.

आणि मागून हिचा आवाज, "बाई, आमच्याकडे ना पाणी नळातून येतं, पावणेसहाला. सव्वासातला जातं. आई आधी पिंप भरते मग हंडे भरते आणि पप्पांची सकाळची ड्युटी नसली की पप्पा पाइप लावतात. आजोबा म्हणतात वरती एवढं मोठं पाण्याचं केंद्र आहे तरी आपल्याला दीड तासच."

बाई हसल्या. म्हणाल्या, "दीड तासच का, हा चांगला प्रश्न आहे. बाकीच्यांकडे किती वाजता येतं?" आणि मग जे सुटलं ना, पन्नास पोरं एकदम, कांजूरचा एक म्हणाला आमच्याकडे पहाटे चारला, आई अलार्म लावते, कोणी म्हणालं आमच्याकडे दिवसभर असतं कारण टाकी आहे, एक मुलगी म्हणाली आमच्याकडे नळच नाही, खाली स्टँडपोस्ट आहे, म्हंजे सगळ्यांचा मिळून नळ, तिथे नंबर लावावा लागतो. बाईंनी सगळ्यांची वेळ लिहून घेतली आणि मग विचारलं, टाकी म्हंजे काय, टाकीत पाणी कोण चढवतं. तळी शेवटी आली, तेव्हा पोरांना ती तळी कुठे बसवायची ते कळलेलं होतं. आमच्या डोक्यावर भांडुप संकुल आहे, तिथे पाणी शुद्ध होऊन अर्ध्या मुंबईला जातं, हे तोपर्यंत मी हिला कधी सांगितलंच नव्हतं, नावं मात्र सातही पाठ करून घेतली होती. विहार तलाव १८६० सालचा हेपण घोकून घेतलेलं. कशासाठी, देव जाणे.

त्या दिवसापासून मी जागा बदलली. बाजूला नाही, समोर नाही, हिच्या पाठीला पाठ लावून. ऐकू सगळं येतं पण तिची वही दिसत नाही, आणि माझं तोंड तिला दिसत नाही. हे इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते पण याने जेवढा फरक पडला तेवढा कशाने नाही. पहिले चार दिवस ती दर प्रश्नाला मान मागे वळवायची. मी तांदूळ निवडत बसायची, वर बघायचं नाही असं ठरवून. पाचव्या-सहाव्या दिवशी वळायची थांबली. चुकलीपण खूप. एकदा "महाराष्ट्राची राजधानी भांडुप" असं ठणकावून सांगितलं, मी जीभ चावून गप्प.

अण्णांची गोष्ट वेगळी. अण्णा मूळ मालवणकडचे, जुनी सातवी, एलबीएस रोडवरच्या कंपनीतून रिटायर. वर्ग सुरू झाला की ते चष्मा लावून हजर, बाईंनी गणित घातलं की यांचं उत्तर पोरांच्या आधी, तेपण मोठ्याने. पाढे त्यांचे तीसपर्यंत पक्के, वर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, म्हंजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीडचे पाढे. आणि इथेच भांडण पेटलं. २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्या वाचायची नवीन पद्धत आली होती, सत्तावीस म्हणा किंवा वीस सात म्हणा, त्र्याहत्तर म्हणा किंवा सत्तर तीन. टीव्हीवर तेव्हा किती दिवस तो गोंधळ चालला होता, आमच्या घरातपण सगळे चिडलेले, मीसुद्धा. मराठीची वाट लावली वगैरे. आमची त्याच बॅचची. त्यामुळे ही पाढा म्हणताना "नऊ त्रिक वीस सात" म्हणायची आणि अण्णा कपाळावर हात मारायचे, "ह्या काय शिकवतत गो!"

पण रोज ऐकून ऐकून माझ्या लक्षात एक आलं. अण्णा "सत्तावीस" म्हणाले की ही आधी ७ लिहायची, मग २, झाले ७२. कारण ऐकू आधी सातच येतो ना. मोठ्या माणसांना ते जाणवत नाही कारण आपल्याला सवय झालीये. वीस सात म्हटलं की बरोब्बर २७. म्हंजे ज्याला मी वर्षभर शिव्या घातल्या त्यात काहीतरी होतं. मग आमच्याकडे तह झाला. अण्णा म्हणणार सत्तावीस, ही म्हणणार "म्हणजे वीस सात" आणि मग लिहिणार. सहा महिन्यांत "म्हणजे" गळून पडलं, सत्तावीस ऐकून सरळ २७. एकोणसाठ आणि एकोणसत्तर मात्र अजून तिचे शत्रू आहेत, माझेपण होते.

आणि निमकी तिला अण्णांनीच शिकवली, शाळेने नाही. बे निमे एक. अर्ध्याचा पाढा असतो हे कळल्यावर तिने वर्गात सांगितलं तर बाई म्हणाल्या आजोबांना बोलवा. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसाला पाणी लावलं, फोनसमोर बसले आणि पन्नास पोरांसमोर पाउणकी म्हटली. मधे एकदा अडखळले, घरात कोणी कुजबुजलं नाही, कारण आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती.

फोनला काही विचारलं की उत्तर देणारी जी बाई असते ना, शाळेच्या बाई नाही, तिच्याशी अण्णांचं वाकडं होतं. हिने शोध लावला होता की फोनला तोंडाने विचारलं "सात आठे किती" तर तो बोलून सांगतो. मी कामात, पोरगी टकाटका उत्तरं लिहितेय, मला वाटलं वा. अण्णांनी पकडलं. "कोण गो ती बोलता?" निबंधाचंही तसंच, माइकचं बटण दाबायचं आणि बोलायचं, मग ते बघून वहीत उतरवायचं. यावर मी ओरडले आणि नंतर विचार केला की निबंध तर तिनेच बोललाय, तिचाच आहे. लिहायला कंटाळा, सांगायला नाही. मग निबंध असाच चालू ठेवला, पाढ्याला मात्र बंदी. बरोबर केलं की चूक, अजून सांगता येत नाही, कारण हात लिहायला जड झाला तो झालाच. चौथीत शाळा उघडली तेव्हा फळ्यावरचं उतरवताना निम्मं राहायचं.

आणखी एक, पीडीएफ. रात्री अकराला यायच्या. वर्कशीटची प्रिंट काढून सोडवा, असं लिहिलेलं. प्रिंट कुठून काढायची, झेरॉक्सवाला शटर खाली ओढून गावाला गेलेला. मी ती अख्खी शीट हाताने वहीत काढायची, चित्रासकट, बेडूक, कमळ, घड्याळ. घड्याळं तर एवढी काढलीत की काय सांगू. शेवटी एका आईने ग्रुपवर धीर करून लिहिलं की आमच्याकडे प्रिंटर नाही, आणि दोन मिनिटांत वीस जणींनी त्या मेसेजला "आमच्याकडेपण नाही" म्हणून अंगठे टाकले. सगळ्या जणी रात्री बेडूक काढत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं आपल्याकडेच प्रिंटर नाही. बाईंनी लगेच बंद केलं, त्यांना वरून आलेलं त्या पुढे पाठवत होत्या, बस्स.

दिवसाला दीड जीबीचा पॅक, साडेअकराला मेसेज, निम्मा डेटा संपला. त्यामुळे मला सह्याद्री वाहिनीवरची टिलीमिली फार आवडायची, २० जुलैपासून सुरू झाली होती ती, पहिली ते आठवीसाठी, डेटा नको, फोन नको, आणि घरातल्याच वस्तू घेऊन काहीतरी करायला लावायचे. अण्णा आणि ही दोघं टीव्हीसमोर आणि फोन माझ्या हातात, शेठच्या ऑर्डरी टाकायला. यावर कोणी फार बोलत नाही, ऑनलाइन म्हटलं की सगळ्यांना फोनच आठवतो.

१२ ऑक्टोबरचा सोमवार विसरणार नाही. दहाच्या सुमारास मुंबईभर लाइट गेली, लोकल जिथल्या तिथे उभ्या. आमचा वर्ग चालू होता. बॅटरी ३१ टक्के. एकेक चौकोन काळा होत गेला, शेवटी बाई आणि आमची दोघीच उरल्या, बाई म्हणाल्या "बाळा तू तरी आहेस ना?" आणि त्यापण गेल्या. ही काळ्या स्क्रीनला "हो बाई, आहे" म्हणत बसली होती, दोन-तीनदा. मग अण्णांनी तिला दारात बोलावलं आणि उजेडात बसून दोघांनी दिडकी म्हटली. मिस्टर त्या दिवशी संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं, गाड्या बंद म्हणून सगळी गर्दी बसवर पडलेली.

हां, वहिनींना काय सांगितलं ते राहिलं. फोन रात्रीच चार्ज करून ठेवा, वर्गाच्या वेळी कॉल बंद ठेवा, वहीचा फोटो खिडकीपाशी काढा, ट्यूबलाइटखाली काढला की हाताची सावली पडते. आणि तुम्ही चला माझ्याकडे चहाला. म्हणाल्या, "आणि त्याला काही आलं नाही तर?" म्हटलं नाही आलं तर टीचर शिकवतील, त्याचाच पगार घेतात. पोरगं पहिलीत आहे, नजर पाहिजे हे खरं, म्हणून दार उघडं ठेवून आमच्या उंबऱ्यात बसलो. चहा पिताना त्यांचा एक कान तिकडेच, दोनदा उठल्या, दोनदा बसवलं.

आमची शाळा उघडली १५ डिसेंबर २०२१ला, म्हंजे ही चौथीत गेलेली. तिसरीचं अख्खं वर्ष आणि चौथीचं अर्धं फोनवर. आणि हिच्या या बाई तिसरीला नवीन आलेल्या, त्याच पुढे चौथीला, त्यामुळे आम्ही त्यांना प्रत्यक्ष कधी बघितलंच नव्हतं. गेटवर ही गर्दी, सगळ्यांना मास्क, एक मावशी ताप बघतायत, एक हातावर सॅनिटायझर टाकतायत. बाई गेटवरच उभ्या, फोनमध्ये वाटायच्या त्यापेक्षा बुटक्या. ही आत पळाली आणि माझ्या लक्षात आलं की कंपासपेटी माझ्याच पिशवीत. मी पुढे होऊन हळूच म्हटलं, "बाई, ही तिची कंपास, तेवढी द्याल का?"

बाईंनी पेटी घेतली, माझ्याकडे बघितलं, मास्कच्या वर नुसते डोळे दिसतात त्यावरून कोण ओळखणार. मग डोळे बारीक झाले.

"तानसा, भातसा?" बाई म्हणाल्या.